नवी आवृत्ती, जुने माळवद

पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली म्हणून जुनी आवृत्ती कपाटातून नाहीशी होत नाही. ती तिथेच असते. वाटेल तेव्हा काढावी, वाचावी, पुन्हा ठेवून द्यावी. संगणकावरच्या सॉफ्टवेअरचे तसे नाही. त्याची नवी आवृत्ती आली की जुनी वापरणाऱ्याला आपण मागे पडलो असे वाटू लागते. मग ती घ्यावी की न घ्यावी, असा घोर लागतो. गेल्या दिवाळीत मला हा घोर लागला. ऐकणाऱ्याला हसू येईल. पण त्यापायी तीन आठवडे मला नीट झोप नव्हती.

मी एक छोटा चित्रपट करीत आहे. त्यात नट नाहीत, कॅमेरा नाही. हाताने काढलेली चित्रे एकामागून एक दाखवायची आणि ती हलल्यासारखी दिसायची, म्हणजेच ॲनिमेशन. ‘मराठी आणि इतिहास घेतलेल्या मुलीचा या उद्योगाशी काय संबंध?’ असे आमच्या एका सरांनी विचारले होते. सर, संबंध आजीमुळे आला.

आमचे गाव लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. म्हणजे नवे गाव. जुने गाव ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात गेले. आदल्या रात्री गणपती विसर्जन झाले होते. माणसे दमून झोपली होती आणि चारला काही मिनिटे असताना जमीन हलली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसे दगावली. आमच्याकडची घरे माळवदाची. दगड-मातीच्या रुंद भिंती, लाकडी तुळया आणि वर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गारवा असे. पण भिंत सुटली की सगळे माळवद खाली येई. माझा जन्म या सगळ्याच्या पुष्कळ नंतरचा. मला ठाऊक आहे ते सिमेंटचे घर, सरळ रस्ते आणि ओळीत उभी असलेली सारखी दारे.

आजी भूकंपाविषयी फारशी बोलत नाही. बोलते ती जुन्या घराविषयी. एकदा दुपारी शेंगा फोडत बसली असताना ती आपणहून सांगू लागली आणि मी गुपचूप मोबाइल सुरू केला. माळवदात उजेडासाठी एक भोक ठेवलेले असे, त्याला सवणे म्हणतात. आजी सांगत होती, “सवण्यातून ऊन पडायचं. ते उखळापाशी आलं की रानात भाकर न्यायची येळ झाली म्हनायची. बळदापाशी गेलं की दिवस कलला. आमाला कुटलं आलंय घड्याळ?” चार मिनिटांचे ते बोलणे. त्या घराचा एकही फोटो आमच्याकडे नाही. म्हणून मी ठरवले, ते चार मिनिटांचे ऊन आपण काढायचे.

काढण्यासाठी मी ब्लेंडर नावाचे सॉफ्टवेअर वापरते. ते फुकट आहे, आणि फुकट कसे झाले ही हकिकत ऐकण्यासारखी आहे. नेदरलँड्समधील टॉन रोझेंडाल यांनी ते तयार केले होते. त्यांची कंपनी बंद पडली, तेव्हा २००२ साली त्यांनी लोकांकडून एक लाख युरो जमवून सॉफ्टवेअरचे हक्क सोडवले आणि ते सर्वांना खुले केले. लॅटव्हियातील गिंट्स झिलबालोडिस यांचा ‘फ्लो’ हा चित्रपट याच ब्लेंडरवर झाला आणि २०२५ साली त्याला ऑस्कर मिळाले. तेव्हा पैशांची अडचण नव्हती. अडचण होती आवृत्तीची.

माझ्याकडे ३.६ ही आवृत्ती. ती जून २०२३ ची. तिच्यातील चुका दोन वर्षे दुरुस्त होत राहतील, असे तिच्या कर्त्यांनी आधीच जाहीर केले होते. ती मुदत २०२५ मध्ये संपली. जुलै २०२५ मध्ये ४.५ आली, तिलाही दोन वर्षांची हमी. मधल्या काळात, नोव्हेंबर २०२४ च्या ४.३ आवृत्तीत, रेषा काढण्याची ‘ग्रीस पेन्सिल’ ही सोय मुळापासून नव्याने लिहिली गेली. माझी आजी, तिचे उखळ, ते ऊन, सगळे याच पेन्सिलीने काढलेले. पडद्यावर सेकंदाला चोवीस चित्रे जातात. एक चित्र दोनदा वापरले तरी सेकंदाला बारा काढावी लागतात. चार मिनिटांची झाली दोन हजार आठशे ऐंशी. दिवाळीपर्यंत माझी सतराशे झाली होती.

या कामात माझी एक भागीदारीण आहे. ती लातूरला शिकते. भिंती, तुळया, चूल अशी मागची दृश्ये ती रंगवते. हलणारे सगळे माझ्याकडे. दिवाळीच्या सुट्टीत गावाकडे जाताना मी नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करीत एस.टी.ने आधी लातूरला उतरले आणि दोन दिवस तिच्याकडे राहिले. माझी फाइल पेन ड्राइव्हवर होती. तिच्या संगणकावर ४.५ आवृत्ती. “अगं, अजून ती जुनीच धरून बसलीस?” म्हणून ती हसली. आम्ही दोघींनी रात्री जागून शहाण्णव चित्रे काढली. आजी वाकून उखळातले तिखट काढते आणि वर सवण्याकडे बघते, ती चित्रे. माझ्या हातून इतकी चांगली चित्रे आधी झाली नव्हती. मी ती आनंदाने साठवली आणि निघाले.

नांदेडला आल्यावर मामांच्या घरी फाइल उघडली. भिंत होती. चूल होती. सवणे होते. आजी नव्हती.

माझ्या हातापायांतले बळच गेले. मग वाचता वाचता कळले की जुन्या आवृत्तीची चित्रे नव्या आवृत्तीत जातात. पण नवीत साठवलेली ती रेषा जुनीला वाचता येत नाही. हा नियम उघड लिहिलेला होता, मीच तो वाचला नव्हता. आणि फाइलची दुसरी प्रत न ठेवता काम करणे हा तर शुद्ध गाढवपणा, तोही माझाच. चित्रे गेली नव्हती. लातूरला तीच फाइल उघडली की आजी जागच्या जागी दिसत होती. फक्त माझ्या दारातून तिला आत येता येत नव्हते.

आता सरळ उपाय एकच दिसत होता. नवी आवृत्ती घ्यावी. तिला निदान आठ जी.बी. मेमरी लागते, माझ्या जुन्या लॅपटॉपला नेमकी तेवढीच आहे. मी ती उतरवून घेतली आणि उघडून पाहिली. पंखा पिठाच्या गिरणीसारखा वाजू लागला, पण ती चालली. मग मात्र हात अडखळू लागले. कुंचले ठेवण्याची पद्धत बदललेली. मातीच्या भिंतीचा खरबरीतपणा यावा म्हणून मी महिनाभर खपून बसवलेला कुंचला नव्या संग्रहात मलाच पुन्हा नेऊन ठेवावा लागणार होता. जिथे डोळे मिटून बोट जात होते, तिथे आता शोधावे लागत होते. एका संध्याकाळी पूर्वी वीस चित्रे होत. त्या संध्याकाळी तीन झाली.

मन दोन्हीकडे ओढ घेऊ लागले. कधी वाटे, नव्याला भिणे हा आपला जुना रोग. दादासाहेब फाळके यांचे मला आठवले. मटाराच्या दाण्याला कोंब फुटून वेल होईपर्यंतची चित्रे एकेक टिपून त्यांनी ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट केला, तो १९१२ च्या सुमारास. म्हणजे एकेक चित्र जोडून हालचाल दाखवण्याचे माझे काम त्यांनी शंभर वर्षांपूर्वी करून ठेवले आहे! त्यांच्यावरही आवृत्ती बदलण्याची पाळी आली होती. ‘सेतुबंधन’ हा त्यांचा मूकपट १९३२ साली तयार झाला, तोवर बोलपट आले होते. मग त्या मूकपटाला मागाहून आवाज जोडावा लागला. पुढे १९३७ साली, सत्तरीकडे झुकलेल्या वयात, त्यांनी ‘गंगावतरण’ हा बोलपट केला. सत्तरीकडचा माणूस नवे शिकतो आणि एकोणीस वर्षांची मी कुंचला हरवला म्हणून रडते! पण लगेच दुसरे मन म्हणे, ‘गंगावतरण’ त्यांनी पहिल्यापासून बोलपट म्हणून केला. अर्ध्या वाटेवर गाडी बदलणे निराळे आणि नवा प्रवास नव्या गाडीने करणे निराळे.

पुढच्या रविवारी गावी गेले. आजीला आवृत्तीचे काय सांगणार? मी तिला एवढेच विचारले, “आज्जी, तुला जुनं घर चांगलं वाटतं का हे?”

मला वाटले, ती जुनेच म्हणेल. माझा सगळा चित्रपट त्याच भरवशावर उभा होता.

आजी म्हणाली, “हेच बरं हाय, माय. त्या भिंतीनं माजी दोन मानसं खाल्ली. सवण्याचं ऊन ग्वाड लागायचं, खरं हाय. पर तसलं घर कुनी आता फुकट दिलं तर मी त्यात एक रात निजनार न्हाई.”

मी गप्पच झाले. थोड्या वेळाने विचारले, “मग इकडं येताना काय काय आणलंस?”

“लगीच कुटं आलो? आदी पत्र्यात ऱ्हायलो. तवर ढिगाऱ्यातनं काडता येईल ते काडलं. जातं निगालं, ते आनलं. उखळ दगडात पुरल्यालं, ते ऱ्हायलं. काडायचं ते समदं काडलं, मगच हितं आलो. एकदा आल्यावर माघारी कोन जातंय?”

परतीच्या एस.टी.त मी तेच घोकत होते. मी आजवर प्रश्न चुकीचा विचारत होते. नवे चांगले की जुने चांगले, हा प्रश्नच नव्हता. नवे घर भक्कम आहे हे आजी मानते, आणि तरी सवण्याचे ऊन तिच्या डोळ्यांतून जात नाही. विचारायचे ते एवढेच, की जाण्याआधी आपले काय काय बाहेर काढून घ्यायचे आहे, आणि जे नेता येणार नाही ते कोणते.

मी नांदेडला पोचल्यावर लातूरच्या मैत्रिणीला फोन केला. तिने तिच्या नव्या आवृत्तीतून त्या शहाण्णव चित्रांच्या साध्या प्रतिमा करून पाठवल्या. एक चित्र, एक प्रतिमा. अशी प्रतिमा कोणत्याही आवृत्तीत उघडते. तिच्यात रेषा मागाहून बदलता येत नाही, एवढे सोसावे लागते. मी त्या ३.६ मध्ये ओळीने लावल्या. आजी वाकली, तिने उखळातले तिखट काढले आणि वर पाहिले. माझ्या सतराशे चित्रांच्याही मी तशाच प्रतिमा करून दोन ठिकाणी ठेवल्या. नवी आवृत्ती मी काढून टाकलेली नाही. दोन्ही आवृत्त्या वेगवेगळ्या फोल्डरांत शेजारी राहू शकतात. रविवारी नवीत हात बसवते. त्यात चित्रपटाचे काही करीत नाही. पुढचा चित्रपट नव्या आवृत्तीतच होईल. हा मात्र जिथे सुरू झाला तिथेच संपेल.

परवा आजीला झालेला भाग मोबाइलवर दाखवला. तिने तो दोनदा पाहिला आणि म्हणाली, “ऊन बरोबर पडलंय. पर उखळ डाव्या अंगाला हुतं, माय.”

तेवढी चित्रे पुन्हा काढते आहे. ती धरून अजून आठशे बाकी आहेत.