ऐकून घेण्याचे दान

सायंकाळी देवळाची घंटा झाली की वाडीत वाकलेली माणसे हातातले काम टाकून उभी राहत आणि त्रिकाळ प्रार्थना म्हणत, हे आम्ही बालपणी वसईत रोज पाहिले आहे. फ्रान्सच्या नैर्ऋत्येस प्लम व्हिलेज नावाचा बौद्ध मठ आहे. तेथेही घंटा झाली की बोलणारा अर्ध्या वाक्यात थांबतो आणि शांतपणे श्वास घेतो. हे वाचले तेव्हा बालपणीची ती घंटा पुन्हा कानी आली.

१९८२ साली तो मठ स्थापन करणारे थिक न्हात हान (१९२६-२०२२) हे व्हिएतनामी भिक्षू. युद्धकाळात त्यांनी कोणत्याच पक्षाची कड न घेता शांतता मागितली. परिणामी १९६६ साली देश सोडल्यावर २००५पर्यंत त्यांना मायभूमीचे दर्शन घडले नाही. १९६३ साली त्या देशाचे अध्यक्ष कॅथलिक होते आणि त्यांच्या राजवटीत ह्युए शहरी बौद्ध निदर्शकांचे बळी गेले, ही गोष्ट आपण कॅथलिकांनी विसरू नये. ह्युए हे या भिक्षूंचे जन्मगाव. तरीही १९६६ साली ते ट्रॅपिस्ट संन्यासी थॉमस मर्टन यांना भेटले आणि मर्टननी त्यांना आपला बंधू म्हटले. पुढे त्यांच्या वेदीवर बुद्धाशेजारी येशूचीही प्रतिमा असे.

त्यांच्या मठात मनोमीलनाची एक रीत आहे. मध्यभागी फुलपात्र ठेवून सारे वर्तुळात बसतात. बोलणारा प्रथम दुसऱ्याच्या गुणांबद्दल आभार मानतो, मग स्वतःची चूक सांगतो आणि त्यानंतरच आपले दुखणे मांडतो. मध्ये कोणी बोलायचे नाही. समोरच्याचे म्हणणे चुकीचे वाटले, तरी त्या घडीला खोडायचे नाही. त्याच्या मनावरचा भार हलका व्हावा, एवढ्याचसाठी ऐकायचे. खुलासा मागाहून, सवडीने.

आमचा आणि थोरल्या बंधूंचा बांधावरून आठ वर्षे अबोला होता. दरवर्षी उपवासकाळात आम्ही कुमसार करीत होतो, दिलेले प्रायश्चित्त भक्तिभावाने उरकीत होतो. दादांचा ओटा मात्र चढलो नव्हतो. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करावा, ही प्रभूची आज्ञा आम्हांला पाठ होती. जावे कसे, बोलावे काय, हे उमगत नव्हते. ते या परधर्मीय भिक्षूने शिकवले.

गेलो. लहानपणी दादांनी आम्हांला खांद्यावरून शाळेत नेले होते, ते आठवून आभार मानले. वाटणीच्या दिवशी आम्ही उद्धट बोललो, ते कबूल केले. मग दादा बोलू लागले. काही गोष्टी खऱ्या नव्हत्या; जीभ वळवळली, पण आवरली. शेवटी ते म्हणाले, “आईच्या आजारात रात्र रात्र मी जागलो. वाटणीच्या वेळी तुम्हांपैकी कुणी एका शब्दाने त्याची आठवण काढलीत का रे?”

बांधाचे भांडण बांधाचे नव्हतेच. आठ वर्षांत आम्ही ते एकदाही ऐकून घेतले नव्हते.

बांध अजून तिथेच आहे. मोजणी व्हायची आहे. परंतु त्या रविवारी मिस्सा आटोपून घरी आलो, तो ओट्यावर केळ्यांचा लोंगर ठेवलेला होता. कुणी ठेवला, हे विचारावे लागले नाही.