चकमक की टोपी?

न्यूयॉर्कहून पश्चिमेकडे दीड-दोन तास मोटार हाकली आणि डेलावेअर नदी ओलांडली, की पेनसिल्व्हेनिया लागते. पुढे नाझरेथ गावाजवळ, बुशकिल ओढ्याकाठच्या गर्द झाडीत जेकब्सबर्ग आहे. इथल्या बोल्टन वस्तीत हेन्री घराण्याचा बंदुकांचा कारखाना १८१२-१३च्या सुमारास उभा राहिला आणि जवळजवळ शतकभर टिकला. आता जवळच लांब रायफलींचे संग्रहालय आहे. मला तिथे नेले माझ्या मावसभावाने. वहिनीही सोबत होत्या. नवऱ्यावर लक्ष ठेवायला, असे त्यांनीच सांगितले.

कारण दादाला ठासणीची रायफल घ्यायची होती. प्रश्न एवढाच, की चकमकीची घ्यावी की टोपीची?

काचेआडच्या रायफली मात्र देखण्या. मेपलच्या लाकडाचे दस्ते, त्यावर पितळी नक्षी, नळ्या साडेतीन फुटांच्या आसपास. जर्मन कारागिरांनी इथे येऊन घडवलेले हे हत्यार पुढे ‘केंटकी रायफल’ म्हणून गाजले, याचे इथल्या लोकांना अजून वाईट वाटते!

चकमकीच्या रायफलीत चाप ओढला, की घोड्याच्या जबड्यातला दगड पोलादी पट्टीवर आपटतो. ठिणग्या खालच्या वाटीतल्या रंजकावर पडतात, रंजक भडकते आणि त्याची ज्वाळा नळीच्या बारीक छिद्रातून आतल्या दारूला भिडते. यात निमिषभर जातो, आणि तेवढा वेळ नेम हलू द्यायचा नाही. रंजक ओलसर झाले, दगडाची धार गेली किंवा छिद्र बुजले, तर नुसताच भडका.

यावर तोड काढली ती अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने. पाखरे भडका पाहून उडून जातात, म्हणून त्याने ठोक्यासरशी पेटणारे रसायन वापरले आणि १८०७ मध्ये पेटंट घेतले. त्यातूनच पुढे तांब्याची इवलीशी टोपी आली. ब्रिटिश सैन्याने १८३४ मध्ये दोन्ही प्रकारांचे सहा-सहा हजार बार काढून पाहिले. चकमकीचे नऊशेहून अधिक बार फुकट गेले, टोपीचे अवघे छत्तीस! मग दादाने टोपीच घ्यावी, नाही का?

“आमच्या आजोबांची टोपीचीच होती,” दादा म्हणाला. सावंतवाडीकडे त्याचे आजोळ. शेत राखण्यासाठी परवान्याची ठासणीची बंदूक घरात असे. कोकणातल्या पावसात चकमक काय पेटणार! पण एका रात्री डुकरावर चाप ओढला, टोपी फुटली आणि बार निघालाच नाही. आजोबांनी बंदूक खाली घेऊन नळीत डोकावायला मान वाकवली, तोच बार उडाला. कानाची पाळी गेली, जीव वाचला. दादा तेव्हा आठ वर्षांचा होता. कंदील त्याच्याच हातात होता.

वहिनींनी ही हकिकत लग्नानंतर ऐकली होती. घरात बंदूक नको, हे त्यांचे म्हणणे तेव्हापासूनचे.

संग्रहालयातल्या वृद्ध स्वयंसेवकाला दादाने हे सांगितले. ते गंभीर झाले. असा अडकलेला बार दोन्ही प्रकारांत उशिरा उडू शकतो, त्यामुळे नळी निर्धोक दिशेला रोखून किमान मिनिटभर तरी थांबायचे, असे त्यांनी बजावले. निवड मात्र इथे हवामानापेक्षा कायदा ठरवतो. नाताळानंतरचा हरणांच्या शिकारीचा हंगाम या राज्यात १९७४ पासून फक्त चकमकीच्या बंदुकांसाठी आहे. टोपीवाल्यांना ऑक्टोबरात थोडे दिवस मिळतात. म्हणजे ऐन हिमवर्षावात, रंजक ओले होण्याची सगळी सोय असताना, दोनशे वर्षांपूर्वीची कटकट हौसेने करायची. मला हे वेडच वाटले. दादाचे डोळे मात्र चमकत होते.

“चकमकच घेतो. रंजक पेटलं की नाही, ते निदान डोळ्यांना दिसतं,” तो म्हणाला.

वहिनी बराच वेळ एका जुन्या रायफलीच्या घोड्याकडे बघत होत्या. मग त्यांनी अटी घातल्या. सुरक्षेचा अभ्यासक्रम पुरा करायचा, पहिले सहा महिने फक्त कागदी निशाण, दारू घरात ठेवायची नाही.

“आणि बार अडकला, तर मिनिट मी मोजणार. तुम्ही नाही.”

दादाने मान डोलावली. परतताना वाटेतल्या दुकानातून त्याने चकमकीचे सहा दगड घेतले. वहिनींनी त्यातला एक हातात घेऊन नखाने धार पाहिली आणि रुमालात बांधून पर्समध्ये टाकला.


“हरणाचं मटण माझ्या स्वयंपाकघरात शिजणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते,” त्या म्हणाल्या.