साबणात न मावणारे तेल

इसब असलेल्या त्वचेसाठी घरगुती स्नानद्रव्ये बनवणारा कारागीर वजनकाट्यावर आणि तापमापकावर कितीही विसंबत असला, तरी त्याची शेवटची कसोटी त्याच्या स्वतःच्या कातडीवरच होते, कारण नवी वडी मनगटाच्या आतल्या बाजूला चोळून पाहावी आणि झोंबली नाही तर तिला सौम्य म्हणावे, असा या कामातला सर्वत्र चालत आलेला रिवाज आहे. ही कसोटी कच्ची असल्याचे हात तरुण असेपर्यंत ध्यानात येत नाही. कॉस्टिक सोड्याच्या सान्निध्यात वर्षे काढलेले हात राठ होतात, वयाबरोबर त्यांतील स्निग्धता कमी होते आणि मग ते एक तर काहीच सांगत नाहीत किंवा कोऱ्या पाण्यानेही चुणचुणतात. प्रस्तुत लेखिकेच्या हातांची आता ही अवस्था झाली आहे, आणि ज्या वडीला तिच्या मनगटाने निर्धास्तपणे मान्यता दिली, तीच वडी तिच्याकडे शिकणाऱ्या मुलीच्या कोपराच्या लवणीत, जिथे लहानपणापासून इसब आहे, आग करते. निरोगी किंवा निबर झालेली त्वचा दुखऱ्या त्वचेच्या वतीने साक्ष देऊ शकत नाही, हे या मुलीमुळे स्पष्ट झाले आणि त्यानंतर या व्यवसायातील बहुतेक निश्चित वाटणाऱ्या गोष्टी पुन्हा तपासाव्या लागल्या.

त्वचेचा सर्वांत वरचा थर विटा आणि गारा यांनी बांधलेल्या भिंतीसारखा असतो, ज्यात मृत पेशी विटांच्या जागी आणि सेरामाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले हे स्निग्ध पदार्थ गाऱ्याच्या जागी असतात. इसबात हा गारा विरळ होतो, आतले पाणी उडून जाते आणि बाहेरचे क्षोभक पदार्थ आत शिरतात. फिलाग्रिन नावाचे प्रथिन बनवणाऱ्या जनुकातील दोष हे या रोगाच्या प्रवृत्तीचे एक मोठे कारण असल्याचे 2006 साली दाखवले गेले, त्यामुळे इसबाला केवळ रक्तदोष किंवा अस्वच्छता मानण्याला आधार उरला नाही. त्वचेच्या पृष्ठभागाचा सामू, म्हणजे आम्लता किंवा विम्लता दाखवणारा आकडा, साधारण 4.5 ते 5.5 असतो, तर तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्यापासून झालेल्या खऱ्या साबणाच्या पाण्याचा सामू 9 ते 10 च्या घरात असतो. अशा साबणाने धुतल्यावर त्वचेची आम्लता काही काळ घटते आणि पेशींमधील बंध तोडणारी विकरे अधिक चेवाने काम करू लागतात. हल्ली हस्तनिर्मित वड्यांवर ‘सामू 5.5’ असे छापलेले आढळते, आणि ती वडी खरोखर साबणाची असेल तर हे विधान सपशेल खोटे असते, कारण लिंबू किंवा दही घालून साबणाचा सामू तिथवर खाली आणला तर साबण फुटून त्याची पुन्हा मेदाम्ले होतात आणि हाती साबण उरतच नाही. त्या सामूची वडी हवी असेल तर सोडियम कोकॉइल आयसेथिओनेटसारख्या कृत्रिम प्रक्षालकाची, म्हणजे साबण नसलेली, वडी करावी लागते. घरगुती साबणाच्या अभिमान्याला ही गोष्ट कडू वाटते, तरी इसबाच्या रुग्णासाठी बहुतेक वेळा तीच वडी बरी असते.

असे असूनही प्रस्तुत लेखिकेने आपल्या उमेदीचा मोठा काळ एका साबणामागे घालवला, आणि तो साबण करडईच्या तेलाचा होता. परभणीत हा मोह पडणे साहजिक आहे. 18 मे 1972 रोजी येथे स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठात, ज्याला आता वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ म्हणतात, करडईवर दीर्घकाळ संशोधन झाले असून ‘परभणी कुसुम’ हा वाण तर या गावाचे नावच घेऊन फिरतो. रब्बी ज्वारीच्या कडेने गुरांना अटकाव म्हणून काटेरी करडईच्या ओळी लावण्याची, कोवळ्या पानांची भाजी करण्याची आणि बियांचे तेल स्वयंपाकात वापरण्याची पद्धत जिल्ह्याच्या जुन्या पिढीला परिचित आहे. सोयाबीनने शिवार व्यापल्यापासून हे पीक आक्रसत गेले. या तेलातील सुमारे तीन चतुर्थांश भाग लिनोलिक आम्लाचा असतो, आणि हेच आम्ल त्वचेच्या विशिष्ट सेरामाइडांचा आवश्यक घटक आहे. स्निग्धांशरहित आहारावर ठेवलेल्या उंदरांची कातडी खवले धरते, हे जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने 1929 साली दाखवले, आणि त्यातूनच लिनोलिक आम्लाचे महत्त्व कळत गेले. आपल्या काळ्या जमिनीत पिकणारे तेल आणि त्वचेला हवे असलेले आम्ल ही दोन टोके एका वडीत जुळवावीत, तिच्यावर ‘परभणीची करडई’ असे लिहावे आणि ती जिल्ह्याबाहेर नावाजली जावी, या इच्छेत रुग्णाच्या हिताइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, कारागिराच्या नावलौकिकाचा वाटा होता.

अडचण अशी की जे तेल त्वचेला मानवते ते साबणाला मानवत नाही. करडईचे प्रमाण वाढवले की वडी मऊ राहते, साच्यातून निघताना कडा सोडते, आणि सहा आठवडे सुकवूनही ओल्या साबणदाणीत तिचा लगदा होतो. तिला टणकपणा देण्यासाठी कोकणातले भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचे घट्ट तेल, घालता येते, आणि ते चांगले काम करते. परंतु फेसासाठी जे खोबरेल घालावे लागते त्यातले लॉरिक आम्ल साबणरूपात त्वचेवरची स्निग्धता कठोरपणे ओढून काढते. दहा भागांत तीन भाग खोबरेल घातले तर फेस देखणा येतो आणि शिकाऊ मुलीची लवण लाल होते. एका भागावर आणले तर तक्रार थांबते, पण गिऱ्हाईक म्हणते की साबण ‘लागतच नाही’. मधला एरंडेलाचा मार्ग फेसाला थोडा टिकाऊपणा देतो, इतकेच. करडईची वडी मे महिन्याच्या उन्हाळ्यात, जेव्हा परभणीचा पारा चाळिशीच्या वर राहतो, नारिंगी ठिपके धरते आणि तिला खवट वास येतो, कारण लिनोलिक आम्लातील दुहेरी बंधांवर हवेतील प्राणवायू सहज हल्ला करतो. ही खवट द्रव्ये स्वतःच त्वचेला क्षोभक ठरतात. लोह आणि तांबे यांचे सूक्ष्म अंशही ही क्रिया वेगाने घडवतात, म्हणून सोडा विरघळवण्यासाठी बोअरचे पाणी न घेता डिस्टिल्ड पाणी घ्यावे, रोझमेरीचा अर्क तेलात आधीच मिसळावा आणि सायट्रिक आम्ल घालावे, असे उपाय आहेत. सायट्रिक आम्लाचा प्रत्येक ग्रॅम सुमारे 0.62 ग्रॅम कॉस्टिक सोडा खातो, तेवढा सोडा वाढवावा लागतो, आणि त्यातून तयार होणारे सायट्रेट धातूंना काही प्रमाणात बांधून ठेवते. या उपायांनी ठिपके लांबणीवर पडतात.

खरा पेच मात्र ठिपक्यांपलीकडचा आहे. साबणीकरणात, म्हणजे तेल आणि सोडा यांच्या संयोगात, करडईचे तेल तेल म्हणून उरत नाही. त्याचे सोडियम लिनोलिएट आणि ग्लिसरीन होते, आणि सोडियम लिनोलिएट हा साबण आहे, त्वचेचा गारा नव्हे. त्यावर तोड म्हणून कारागीर सोडा थोडा कमी घालून काही तेल मुद्दाम शिल्लक ठेवतो, ज्याला या व्यवसायात सुपरफॅट म्हणतात. पण थंड पद्धतीच्या साबणात कोणते तेल शिल्लक राहावे हे कारागिराच्या हाती नसते. मिश्रण घट्ट होऊ लागल्यावर शेवटी करडई ओतली तरी तोवर सोड्याचा मोठा भाग मोकळाच असतो आणि तो आधीच्या व नंतरच्या तेलात भेद करत नाही. साबण आधी शिजवून मग करडई मिसळली तर ती शिल्लक राहते खरी, परंतु वडीत सर्वांत आधी खवट होणारा भाग तोच असतो, आणि जो खवट होत नाही तो न्हाणीघराच्या मोरीतून वाहून जातो. म्हणजे उपकारक ठरावा असा अंश एक तर नासतो किंवा धुतला जातो. या गाठीभोवती लेखिकेची वही भरली आहे, आणि त्या वहीतील शेवटच्या नोंदीही प्रमाण बदलण्याच्याच आहेत. वडी करूच नये, हा विचार त्या वहीत फार उशिरा उतरला.

पाण्याचा प्रश्न याला जोडूनच येतो. दख्खनच्या काळ्या खडकातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेले असतात, आणि साबण त्यांच्याशी मिळून न विरघळणारा पांढरा साका बनवतो, जो बादलीच्या काठावर दिसतो आणि त्वचेवर दिसत नसला तरी बसतो. भारतीय मानक 10500 पिण्याच्या पाण्यासाठी 200 मिलिग्रॅम प्रतिलिटर कठीणता स्वीकारार्ह मानते आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत मुभा देते. जिंतूर तालुक्यातील येलदरी धरणाचे पाणी आणि एखाद्या वस्तीवरच्या खोल बोअरचे पाणी यांत एकच वडी दोन वेगळ्या वड्यांसारखी वागते. केवळ पाणी मृदू केले म्हणजे इसब हटेल असे समजणेही बरोबर नाही, कारण इंग्लंडमध्ये 336 मुलांवर झालेल्या आणि 2011 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पाणी मृदू करणारी यंत्रे घरी बसवूनही नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक गुण आला नाही. साबण कमी वापरणे आणि बंबातले कढत पाणी टाळून कोमट पाण्याने थोडक्यात आंघोळ उरकणे, हे यंत्रापेक्षा स्वस्त आणि साके टाळणारे आहे.

या क्षेत्रात आज जे चालले आहे त्याबद्दल कठोर बोलणे भाग आहे. शेळीचे दूध, मसुराचे पीठ, बेसन, ओट, हळद, केशर, मध यांनी भरलेल्या वड्या आणि उटणी ‘नैसर्गिक’ या एका शब्दावर इसबाच्या बालकांसाठी विकली जातात. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाचे उटणे निरोगी त्वचेला शोभते. गव्हला कचोरा, नागरमोथा आणि संत्रासाल यांचे खरखरीत, सुगंधी चूर्ण खाजवून सोललेल्या कातडीवर चोळणे हा त्या मुलाला दिलेला त्रास आहे. खाद्यप्रथिने फुटलेल्या त्वचेतून शरीरात शिरली तर त्यांचीच ॲलर्जी जडू शकते. जपानमध्ये गव्हाचे विघटित प्रथिन असलेल्या एका चेहऱ्याच्या साबणामुळे दोन हजारांहून अधिक लोकांना गव्हाची ॲलर्जी झाली आणि 2011 साली तो साबण परत बोलवावा लागला; ब्रिटनमधील बालकांच्या 2003 सालच्या अभ्यासात शेंगदाण्याचे तेल असलेली मलमे दाह झालेल्या त्वचेवर लावणे आणि पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी होणे यांचा संबंध आढळला. सुगंधी तेले तर सौम्य वडीत नसावीतच, मग ती गुलाबाची असोत की लॅव्हेंडरची. येथे लेखिकेचा गर्व सर्वांत अधिक दुखावला गेला, कारण वाळ्याचा गंध वडीत टिकवण्याची हातोटी तिला साधली होती, प्रदर्शनात लोक वडी नाकाशी नेऊन दाद देत, आणि बिनवासाच्या, बिनरंगाच्या, मातकट पांढऱ्या वडीला तशी दाद कोणी देत नाही. ती दाद अजूनही हवीशी वाटते.

स्नानद्रव्यांच्या मर्यादेचा सर्वांत स्पष्ट पुरावा ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये 2018 साली आला. इंग्लंड आणि वेल्समधील 1 ते 11 वर्षे वयाच्या 482 मुलांच्या या चाचणीत आंघोळीच्या पाण्यात स्निग्ध द्रव्य मिसळल्याने नेहमीच्या काळजीपेक्षा वेगळा उपयोग दिसला नाही. ‘नेहमीच्या काळजी’त त्वचेवर लावून तशीच राहू द्यायची स्निग्ध मलमे होतीच. म्हणजे धुतले जाणारे काहीही असो, वडी असो की न्हाणतेल, त्याचे मोल अंगावर राहणाऱ्या मलमापुढे अल्प आहे. आंघोळीनंतर अंग हलके टिपून, ते ओलसर असतानाच लावलेली साधी, बिनवासाची पेट्रोलियम जेली फुटलेल्या त्वचेतील पाणी ज्या भरवशाने अडवते, तो भरवसा कोणत्याही हस्तनिर्मित वडीत नाही. तिच्यात पाणी नसल्याने जंतू वाढत नाहीत, आणि म्हणून परिरक्षकाचीही गरज पडत नाही; घरगुती द्रवरूप साबणात आणि लोशनांत परिरक्षक टाळला तर जंतू वाढतात, घातला तर काहींना त्याचीच ॲलर्जी होते. करडईचे तेल आवडत असेल तर ते ताजे, लहान बाटलीत, उजेडापासून दूर ठेवून, न फुटलेल्या कोरड्या त्वचेवर आंघोळीनंतर लावावे. त्याची जागा तिथे आहे.

लेखिकेने आता करडईची वडी बंद केली असून शिकाऊ मुलीला ती कृत्रिम प्रक्षालकाची बिनवासाची वडी, केवळ काखा, जांघा आणि पाय धुण्यापुरती, बनवायला शिकवते. परभणी, गंगाखेड, सेलू, मानवत येथे साबण करणाऱ्या बचत गटांतील भगिनींना एक आग्रहाची विनंती आहे. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधने बनवायला सौंदर्यप्रसाधने नियम, 2020 अन्वये परवाना लागतो, तो घ्यावा. वेष्टनावर सर्व घटक आणि बनवल्याची तारीख मराठीत लिहावी. ‘इसब बरा होतो’ असे कुठेही लिहू नये. आणि ज्या मुलाची त्वचा पाझरते, पिवळी खपली धरते किंवा ज्याला ताप आहे, त्याच्या आईला वडी न विकता त्याच दिवशी त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवावे.