किती मार्काला आहे?

रात्रीचे सव्वाअकरा. लेख अर्धा झालेला, कॉफी पार गार झालेली आणि मोबाइल वाजला. लोहाऱ्याहून चुलतबहिणीचा व्हॉट्सॲप मेसेज. ‘ताई, मिस्टर ब्रेथवेटचे पाच पॉइंट्स पाठव ना. अर्जंट! उद्या टेस्ट आहे.’

बाईसाहेब बारावीला आहेत. मी लिहिलं, ‘पाठवते. पण आधी सांग, तुला तो माणूस कसा वाटला?’

‘टायपिंग...’ असं बराच वेळ दिसत राहिलं. मग उत्तर आलं, ‘हे किती मार्काला आहे?’

खूप हसले मी. आणि हसता हसता थांबले. कारण बारावीत असताना मीही अगदी हेच विचारलं असतं.

तुमच्याही इनबॉक्समध्ये बॉसचा तो मेल येत असेल. भलीमोठी पीपीटी जोडलेली आणि वर एकच शब्द, ‘थॉट्स?’ आपण काय करतो? बाकीच्यांनी काय रिप्लाय दिलाय ते आधी बघतो. मग त्यातलाच एखादा जरा इकडेतिकडे फिरवून, वर ‘ग्रेट वर्क, टीम!’ चिकटवून पाठवून देतो. मला नेहमी वाटायचं, आपला कॉन्फिडन्स कमी आहे, इंग्रजी कच्चं आहे. आता वाटतं, खरी गोची तिथे नाहीच. ती आमच्या लोहाऱ्यातल्या इंग्रजीच्या तासाला आहे.

लोहारा कुठे आलं, असं विचारणार असाल तर आधी स्वतःच्या जीन्सकडे बघा. यवतमाळला अगदी लागून, दारव्हा रोडवरचं हे आमचं गाव. इथल्या एमआयडीसीत डेनिमचा मोठा कारखाना आहे. काय सांगावं, तुमच्या जीन्सचं कापड आमच्याकडूनच आलेलं असेल! आमची शाळा मराठी माध्यमाची, त्यामुळे इंग्रजी ‘थर्ड लँग्वेज’. म्हणजे अंगणात वऱ्हाडी, पुस्तकात प्रमाण मराठी, मग हिंदी आणि रांगेत सगळ्यात शेवटी शेक्सपिअरची भाषा.

आमचे इंग्रजीचे सर मात्र भन्नाट होते. धडा उघडायचे, एक ओळ इंग्रजीत वाचायचे, पुस्तक टेबलावर पालथं घालायचे आणि वऱ्हाडीत सुरू व्हायचे. ‘आता ह्या बुढ्याची गंमत पाह्य बे. घरात नाही दाना अन् मिशीले तूप!’ लंडनचा लॉर्ड दारव्ह्याच्या बाजारात येऊन वांग्यांच्या भावावरून घासाघीस करायचा. वर्ग पोट धरून हसायचा. एकदा गोष्टीतलं कुत्रं मेलं, तेव्हा मागच्या बाकावरचा, कुणाच्या बापाला न घाबरणारा पोट्टा शर्टाच्या बाहीला डोळे पुसत होता. मी स्वतः बघितलंय.

मग सर घड्याळ बघायचे आणि म्हणायचे, ‘चला, आता लिहून घ्या.’

बस्स, तिथे सगळं संपायचं. फळ्यावर उत्तर उतरायचं, फळ्यावरून वहीत, वहीतून डोक्यात आणि डोक्यातून थेट पेपरात. कवितेच्या अप्रिसिएशनचा तर रेडिमेड साचाच होता. कवितेचं नाव, कवीचं नाव, ‘धिस इज अ व्हेरी ब्युटिफुल पोएम’, मग ऱ्हाइम स्कीम, दोन फिगर्स ऑफ स्पीच आणि शेवटी मेसेज. कविता युद्धावरची असो नाहीतर फुलपाखरावरची, ‘व्हेरी ब्युटिफुल’ ठरलेलंच! अलिटरेशन तर आम्ही कविता न वाचता सांगायचो. एका ओळीत एकाच अक्षराने सुरू होणारे दोन शब्द शोधायचे, झालं काम.

यात सरांना तरी काय बोलणार? वर्गात साठ-सत्तर पोरं, पस्तीस मिनिटांचा तास आणि समोर अमरावती बोर्डाचा पेपर. शाळेला सरांकडून निकाल हवा होता, सरांना आमच्याकडून पॉइंट्स हवे होते आणि घरच्यांना ‘इंग्रजीत निघाली’ एवढंच ऐकायचं होतं. ‘तुला काय वाटलं?’ हे विचारायला कुणाकडे वेळ नव्हता आणि त्याला मार्कही नव्हते.

मास कॉम करायला पुण्यात आले आणि पहिल्याच महिन्यात आपटले. मॅडमनी एक छोटीशी इंग्रजी कथा वाचायला दिली. म्हणाल्या, ‘एक पान लिहा. वाचताना तुम्हाला काय झालं ते.’ मी माझा साचा बाहेर काढला. नाव, लेखक, थीम, कॅरेक्टर, मेसेज. एक स्पेलिंग चुकू दिलं नाही. कागद परत आला तेव्हा खाली पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘सगळं बरोबर आहे. पण यात तू कुठे आहेस?’

त्या रात्री होस्टेलच्या गच्चीवर जाऊन रडले. वाटलं, हे कॉन्व्हेंटवाल्यांनाच जमतं. माझी रूममेट आयसीएसईची. शाळेत तिने ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ हे अख्खं नाटक अभ्यासलं होतं. तिला म्हटलं, तुम्ही नशीबवान. तर ती म्हणते कशी, ‘अगं, गाइड पाठ केलं होतं सगळ्यांनी!’ फरक एवढाच की तिचं गाइड माझ्यापेक्षा जाड होतं.

पुढची गोष्ट जानेवारी २०१९ मधली. मी शेवटच्या वर्षाला होते. ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या यवतमाळला भरणार होतं आणि उद्घाटनाला नयनतारा सहगल येणार होत्या. इंग्रजीत लिहिणाऱ्या, साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या लेखिका, आणि त्या चक्क आमच्या गावाशेजारी! आम्ही अशा लोकांना आजवर फक्त धड्याच्या आधी छापलेल्या लेखकपरिचयात भेटलो होतो. पण वाद पेटला, त्यांना दिलेलं निमंत्रण मागे घेतलं गेलं आणि शेवटी उद्घाटन केलं आमच्याच जिल्ह्यातल्या, शेतकरी आत्महत्येचं दुःख घरात सोसलेल्या वैशाली येडे यांनी. सहगल बाईंचं न झालेलं भाषण मात्र मराठीत येऊन पेपरांत छापलं गेलं.

त्याच आठवड्यात सरांचा फोन. ‘ते भाषण वाचलं काय वं बाई?’

‘हो सर.’

‘मंग? तुले काय वाटलं?’

मी क्षणभर बोललेच नाही. ज्या माणसाने इतकी वर्षं मला उत्तरं दिली, तो पहिल्यांदाच प्रश्न विचारत होता. मी अडखळत सुरुवात केली. मध्येच सर म्हणाले, ‘मले नाही पटत तुयं. पण बोल, मी आयकून राह्यलो.’ पाऊण तास आम्ही भांडलो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, सरांना हे येत होतं. पहिल्यापासून येत होतं. पुस्तक पालथं घालून ते करत होते ते हेच तर होतं. ते फक्त पेपरात बसत नव्हतं.

आता पुन्हा ब्रेथवेटकडे. बारावीच्या ‘इंग्लिश युवकभारती’त २०२० पासून कादंबरी आली आहे. त्यात एक उतारा ‘टू सर, विथ लव्ह’मधला. १९५९ ची ही कादंबरी ई. आर. ब्रेथवेट यांच्या स्वतःच्या अनुभवावरची. गयानामधला कृष्णवर्णीय माणूस, महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात होता, शिकलेला इंजिनीअर. पण रंगामुळे लंडनमध्ये कुणी नोकरी देईना. शेवटी ईस्ट एंडच्या गरीब वस्तीतल्या शाळेत तो मास्तर होतो. त्या शाळेत एक मस्त पद्धत असते. मुलांनी दर आठवड्याचा रिव्ह्यू लिहायचा. आठवडा कसा गेला, काय आवडलं, कोण चुकलं, सगळं आपल्या शब्दांत. अगदी मास्तरांवरही टीका चालेल!

आहे की नाही गंमत? ज्या पुस्तकातली पोरं आपल्याला काय वाटलं ते दर आठवड्याला लिहितात, त्याच पुस्तकाचे पाच पॉइंट्स आमची पोरगी पाठ करतेय.

पण मी तिला लेक्चर दिलं नाही. ‘गाइड फेकून दे’ हे पुण्यात बसून बोलायला सोपं आहे. बारावीला इंग्रजी कम्पल्सरी, ऐंशी मार्कांच्या लेखी पेपरात सोळा या कादंबरीच्या भागाला. काकांचं स्पष्ट आहे, गचकली तर कॉलेज बंद आणि स्थळं बघायला सुरुवात. तिच्यासाठी ते पाच पॉइंट्स म्हणजे पुढची तीन वर्षं आहेत. मी पाचही पॉइंट्स टाइप करून पाठवले. व्यवस्थित, नंबर घालून.

आणि खाली लिहिलं, ‘आता बिनमार्काचं सांग.’

दहा मिनिटं काहीच नाही. मग व्हॉइस नोट आली. मागे कुकरची शिट्टी, काकूचा आवाज आणि हिचं हळू, लाजत बोलणं.

‘ताई, मले त्या सरांपेक्षा पोट्टेच जास्त कळले. त्याईचे आधीचे मास्तर सोडून गेले होते ना? मंग त्याईले वाटे, हाही चालला जाईन. म्हून तरास देत होते. आम्ही बी तसंच केलं. दोन वर्षांत इंग्रजीचे तीन सर झाले आमचे. शेवटच्या सरांचं तर आम्ही नाव बी नाही विचारलं.’

मी ती नोट तीनदा ऐकली. आमचे सर रिटायर झाले, तेव्हापासून तिथे तासिका तत्त्वावर माणसं येतात आणि बरं काही मिळालं की जातात. त्यांचंही काय चुकतं म्हणा, तासाच्या हिशेबाने मिळणाऱ्या पैशांत घर थोडंच चालतं! पण हे सगळं मला कुठल्या रिपोर्टमधून नाही, ब्रेथवेटच्या वर्गातून कळलं. मॅडमनी मला ज्या एका पानासाठी पेन्सिल लावली होती, ते पान हिने कुकरच्या शिट्टीत बोलून टाकलं होतं. तेही वऱ्हाडीत.

मी लिहिलं, ‘अगं, हेच तर खरं उत्तर!’

लगेच प्रश्न आला. ‘मग पेपरात लिहू का हे?’

मी ‘लिही’ टाइप केलं. खोडलं. ‘नको’ टाइप केलं. तेही खोडलं. शेवटी पाठवलं, ‘आधी पाच पॉइंट्स लिही. मग वेळ उरला तर शेवटी दोन ओळी हे लिही.’

‘त्याचे मार्क भेटतील?’

दोन निळ्या टिका तिला दिसल्या असतील. मी अजून उत्तर दिलेलं नाही.