विंचू लाल की काळा?

एम.ए. इंग्रजीचा माझा बराचसा अभ्यास रोहा-दिवा गाडीत झाला. बी.ए. रोह्यात उरकलं, पेणच्या शाळेत नोकरी धरली आणि मुंबई विद्यापीठाच्या ‘आयडॉल’मध्ये, म्हणजे दूरशिक्षणाला, नाव घातलं. निडी, नागोठणे, कासू, पेण. बसायला मिळालं तर एवढ्यात एखादी कविता दोनदा वाचून व्हायची. कादंबरीचं मात्र काही खरं नव्हतं.

निस्सिम इझिकेल यांची ‘नाईट ऑफ द स्कॉर्पियन’ अशीच वाचली. गाईडमध्ये उत्तर तयार होतं: एकीकडे अंधश्रद्धाळू खेडूत, दुसरीकडे विज्ञाननिष्ठ वडील. घरी आजीला ती मराठीत सांगायला घेतली. पावसाने विंचू घरात शिरला नि तांदळाच्या पोत्याखाली बसला, इथेच तिने मला अडवलं. ‘‘पोतं जमिनीवर? भर पावसात?’’ मग म्हणाली, ‘‘लाल की काळा?’’

कवीने ते सांगितलेलं नाही. आजीचं सगळं अडलं होतं तिथेच. काळा रडवतो, लाल जीव घेतो, हे आमच्याकडे पोरालाही ठाऊक. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध लाल विंचवाच्या दंशावर वापरलं, त्याआधी दवाखाना गाठूनही माणूस वाचेल याची खात्री नसायची. आणि कवितेतले वडील तरी काय करतात? पूड लावतात, पाला लावतात, शेवटी आईच्या पायाच्या विंचू चावलेल्या बोटावर रॉकेल ओतून काडी ओढतात. यात कसलं आलंय विज्ञान? घाबरलेला नवरा आहे तो, बस्स. गाईडवाल्याने कविता शेवटपर्यंत वाचली नसावी, असं माझं मत आजही आहे.

आमच्या नोट्समध्ये इझिकेल म्हणजे ‘महानगरी कवी’. ते मुंबई विद्यापीठात इंग्रजी शिकवत, 1983 साली त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, हे सगळं होतं. पण ते बेने इस्रायल, म्हणजे मूळचे आपल्याच रायगड (पूर्वीच्या कुलाबा) जिल्ह्याच्या किनाऱ्यावरच्या समाजातले, याचा उल्लेख नव्हता. पेणकर, रोहेकर ही त्यांच्यातलीच आडनावं. तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवत म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. आजीला हे नाव माहीत होतं. इझिकेल कोण, ते मी सांगितलं.

यंदा इकडची जी मुलं ही कविता घेऊन बसली असतील, त्यांनी गाईड उघडण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ती एकदा सांगावी. आणि विंचू खरंच चावला, तर थेट सरकारी दवाखाना गाठावा.