पाहुणे आणि पाउणकी

आमच्या चौलच्या घरी मागील दोन खोल्यांत पैसे देऊन राहणारी मंडळी येऊ लागली, त्यास आता काही वर्षे झाली. ज्या घरातून आल्यागेल्यास गूळपाणी दिल्यावाचून कधी कोणास परत पाठविले नाही, त्याच घरात माणशी दर ठरवून पान वाढावयाचे, ही कल्पना प्रथम कानावर आली तेव्हा आम्ही चिरंजीवांशी दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी बोललो, तेही व्युत्पत्ती सांगण्याकरिता. ज्याच्या येण्यास तिथी ठरलेली नाही तो अतिथी. आगाऊ रक्कम भरून, अमुक तारखेस येतो असे कळवून येणारा मनुष्य अतिथी कसा होईल? तो गिऱ्हाईक. चिरंजीवांनी सारे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "बाबा, गिऱ्हाईक तर गिऱ्हाईक. पण कौलांचे पैसे कोठून आणावयाचे?"

प्रश्न बिनतोड होता. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागेच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले आणि एका दुपारीत आमच्या आजोबांनी लावलेली वाडी आडवी झाली. सत्तेचाळीस माडांपैकी एकोणीस उभे राहिले. पोफळींची तर गणतीच नव्हती. एक पडताना शेजारच्या चारांना घेऊन पडत होती. माजघरावरची कौले पत्त्यांसारखी उडाली, आणि नव्वदीस टेकलेल्या आमच्या मातोश्रींना मध्ये घेऊन आम्ही सारे देवघराच्या कोपऱ्यात डोक्यावर पाट धरून बसलो होतो. नवी पोफळ धरावयास पाच-सहा वर्षे लागतात, माडास त्याहून अधिक. तोवर नारळ-सुपारीवर चालणारे घर चालावे कशावर?

घरात अर्धा हिस्सा मुंबईच्या धाकट्या बंधूंचा. त्यांनी दूरध्वनीवर सांगितले, "दादा, विकून टाकू. भाव चांगला येतो आहे." भाव येत होता हे खोटे नव्हे. मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंत किती वाड्यांभोवती उंच भिंती उठल्या आणि किती दारांवर पहारेकरी बसले, हे अष्टागरातला कोणीही सांगेल. बंधूंना लोभी म्हणावे तर तेही अन्यायाचे. मुलाच्या शिक्षणाचे कर्ज त्यांच्या डोक्यावर होते. अखेर असे ठरले की तीन वर्षे थांबावे. घराने स्वतःचा खर्च स्वतः काढला तर ठेवावे, नाही तर विकावे. आम्ही होकार दिला तो मनातून नव्हे. मातोश्री मात्र लगेच तयार झाल्या. त्यांची अट एकच : येणाऱ्यास गाव आणि घराणे विचारण्याचा त्यांचा हक्क अबाधित राहावा.

खोल्या तयार झाल्या तेव्हा चिरंजीवांनी आमच्याकडे एक काम दिले. "जवळपास काय पाहावे, काय करावे, याचा एक कागद लिहून द्या. एकच पान हो, बाबा." चौतीस वर्षे निबंध तपासलेल्या मास्तरास एका पानाची ताकीद! त्या रागात आम्ही अकरा पाने लिहिली. पण लिहावयास बसल्यावर एक लाजिरवाणी गोष्ट ध्यानात आली. ज्या स्थळांची नावे आम्ही वर्गात हजारदा उच्चारली, त्यांपैकी निम्मी आम्ही लहानपणानंतर पाहिलीच नव्हती. तेव्हा चिरंजीवांच्या दुचाकीवर मागे बसून आठ दिवस आम्ही आपल्याच मुलुखाचे प्रवासी झालो.

प्रथम आक्षी. तेथील शिळालेख शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा मानतात. त्या वाचनाविषयी विद्वानांत मतभेद असले तरी मराठीतील आद्य लेखांत त्याची गणना होते. शिलाहार राजाचे नाव त्यावर आहे आणि दान मोडणाऱ्यास शेवटी शापही आहे. ज्या भाषेत आम्ही उपजीविका केली, तिचे बाळपण इतकी वर्षे रस्त्याकडेला ऊनपाऊस खात उभे होते आणि आम्ही अलिबागेच्या गाडीतून त्याच्यावरून शेकडो वेळा गेलो होतो.

मग आमच्या चौलचा रामेश्वर. पुढील पुष्करिणीचे पाणी, दीपमाळा, आणि आत पर्जन्यकुंड, अग्निकुंड व वायुकुंड. अवर्षण पडले की पर्जन्यकुंड उघडावयाचे, अशी जुनी चाल. तेथून दत्ताच्या टेकडीवर. पायऱ्या शेकड्यांनी आहेत. पण वर पोहोचल्यावर खाली माडांचा हिरवा समुद्र आणि त्यापलीकडे खरा समुद्र असे दोन्ही एकदम दिसतात. वादळाने पाडलेली खिंडारेही तेथूनच दिसतात. मार्गशीर्षात दत्तजयंतीला येथे मोठी यात्रा भरते.

रेवदंड्यास पोर्तुगीज कोटाच्या भिंती आणि सातखणी मनोरा आहे. १७४० मध्ये हा कोट मराठ्यांकडे आला. त्याच गावी अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याचे स्मारक आहे. इ.स. १४६९ च्या सुमारास तो विकावयाचा एक घोडा घेऊन चौलच्या बंदरात उतरला आणि त्याने आपला वृत्तान्त लिहून ठेवला. त्याच्या आधी साडेपाच शतके अरब प्रवासी अल् मसूदी येथे येऊन गेला. त्याच्याही आधी टॉलेमीने या बंदराचे नाव आपल्या भूगोलात लिहिले. समुद्रातून आलेले बेने इस्राएल याच किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालवून 'शनवार तेली' झाले आणि मराठी बोलू लागले. त्यांतील बहुतेक कुटुंबे १९४८ नंतर इस्राएलास गेली. रेवदंड्याचे प्रार्थनामंदिर मागे राहिले. खाडीपलीकडे कोर्लईचा किल्ला, आणि त्याच्या पायथ्याच्या गावात आजही ख्रिस्ती कुटुंबे पोर्तुगीजमिश्रित आपली निराळी बोली बोलतात. आमच्या कागदात आम्ही हे सारे लिहिले, अलिबागेच्या चुंबकीय वेधशाळेसह. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांनी कुलाब्याच्या वेधशाळेतील नाजूक चुंबकसूच्या बिघडणार, म्हणून १९०४ पासून ते काम अलिबागेस आणले गेले, आणि इमारत बांधताना लोखंडास मज्जाव केला गेला. कुलाबा किल्ल्यावर तर तीन पाने खर्ची पडली : शिवछत्रपतींनी १६८० मध्ये आरंभिलेले बांधकाम, कान्होजी आंग्रे, राघोजींनी १७५९ मध्ये बांधलेले गणेशपंचायतन, भर समुद्रात गोड्या पाण्याची विहीर, तोफा. काही म्हणून सोडले नाही, अशी आमची समजूत होती.

त्या समजुतीचा निकाल एका संकष्टीस लागला.

नाशिकचे एक तरुण जोडपे सात वर्षांच्या मुलीसह उतरले होते. अशी मंडळी आमच्या पाहण्यात पहिलीच, की जिने ती अकरा पाने खरोखर वाचली. सकाळी ती पाने बरोबर घेऊन तिघे अलिबागेस गेली. ओहोटी होती, लोक चालत किल्ल्यात जात होते. तीही दहाच्या सुमारास चालत गेली. आत गेल्यावर आमच्या कागदाबरहुकूम त्यांनी पंचायतन पाहिले, विहीर पाहिली, तटावरून फेरी घातली, तोफांवरची अक्षरे मुलीला वाचून दाखविली. दरवाजाबाहेर आली तेव्हा साडेबारा झाले होते आणि सकाळी ज्या खडकाळ वाटेने ती आली होती ती वाट पाण्याखाली गेली होती. कमरेइतके तर असेल, या समजुतीने वडिलांनी मुलीस खांद्यावर घेतले व ते पाण्यात उतरले. अर्ध्या वाटेवर त्यांचा पाय खडकावरून घसरला. होडीतून उतारू नेणाऱ्या एका कोळ्याने ओरडून त्यांना थांबविले आणि तिघांसही होडीत ओढून घेतले.

तीन वाजता ती दारात उभी राहिली तेव्हा मुलीचे दात थंडीने वाजत होते. आमच्या कुटुंबाने काही विचारले नाही. न्हाणीत ऊन पाणी काढले, मुलीस मातोश्रींच्या जुन्या लुगड्यात गुंडाळले, आणि मऊ भात, मेतकूट व तूप पुढे ठेवले. वडील आमच्यापाशी येऊन म्हणाले, "काका, कागदात भरतीचे काही नव्हते." स्वर तक्रारीचा नव्हता, म्हणूनच तो अधिक लागला. भिजलेली अकरा पाने त्यांनी ओटीवर वाळत घातली होती.

भरतीचे आम्ही लिहिले नव्हते, कारण ते लिहावयाचे असते हेच आम्हांस सुचले नव्हते. किनाऱ्यावरच्या पोराला जे चालता येऊ लागल्यापासून ठाऊक, ते नाशिकच्या मनुष्यास ठाऊक नसणार, हा विचार चौतीस वर्षे मास्तरकी करूनही मनास शिवला नाही. टॉलेमी सांगितला आणि पाणी सांगावयाचे राहिले! आजोबांनी आम्हांस पाउणकी शिकविली ती हिशेबाकरिता नव्हे, समुद्राकरिता. तिथीला पाऊणपट करावे; जो आकडा येईल त्या तासाला भरती पुरी, आणि त्याच्या सहा तास मागेपुढे ओहोटी पुरी. चार पाऊण तीन : चतुर्थीस तीनच्या सुमारास पूर्ण भरती, म्हणजे सकाळी नवाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. ती मंडळी किल्ल्याकडे निघाली तेव्हा पाणी आधीच फिरले होते. आमच्या तीन पानांच्या वर्णनाने त्यांस आत गुंतवून ठेवले, हे तर आणखी दुःखाचे.

त्या रात्री आम्ही नवा कागद लिहिला. तो खरेच एक पान झाला. पहिल्या ओळीत पाणी. शुद्ध असो वा वद्य, तिथी मोजावी व पाऊणपट करावी. या हिशेबात अर्ध्या तासाचा फरक पडू शकतो, म्हणून कोळ्यास विचारल्यावाचून पाण्यात पाऊल घालू नये. पौर्णिमा व अमावास्या यांच्या आसपास पाणी फार ओसरते आणि तितकेच जोराने चढते. अष्टमीच्या आसपास ते धड ओसरत नाही, तेव्हा होडीच बरी. चालत जावयाचे तर ओहोटी पुरी होण्यापूर्वी निघावे आणि पाणी फिरताच परतावे. पावसाळ्यात समुद्रात उतरूच नये. त्याखाली स्थळांची नावे, प्रत्येकी एक ओळ. शेवटी, करावयाच्या गोष्टी : सकाळी वाडीत पाटाचे पाणी सोडताना पाहावे; सुपारी सोलावयास बसावे; आणि थंडीत पोपटी लावावी. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, वांगी, मीठ व ओवा, पुन्हा पाला. मडके शेतात उपडे घालून भोवती जाळ. पाण्याचा थेंब घालावयाचा नाही. राहिलेली दहा पाने फडताळात आहेत. जो मागेल त्यासच देतो. आणि आश्चर्य असे की आता मागणारे पुष्कळ निघतात.

दुसऱ्या दिवशी निघताना त्या गृहस्थांनी हिशेब चुकता केला. एका जेवणाचे पैसे घेण्यास आमच्या कुटुंबाने नकार दिला, मेतकूटभाताच्या. ते पान तिथी ठरवून वाढलेले नव्हते. आमची व्युत्पत्ती तिला कोणी सांगितली नव्हती.

तीन वर्षांची मुदत गेल्या माघात संपली. बंधू हिशेब पाहावयास आले आणि इतर खोल्यांत सुपारी पसरली असल्यामुळे त्यांस पाहुण्यांच्याच खोलीत उतरावे लागले. वह्या त्यांनी नीट तपासल्या. घराने स्वतःचा खर्च काढला होता, कौलांचे कर्ज फेडले होते, आणि वर जे उरले होते ते फार नव्हते. बंधूंच्या कर्जापुढे ते काहीच नव्हते. दोघेही रात्री फारसे बोललो नाही. सकाळी ते नेहमीपेक्षा लवकर ओटीवर आले. खोलीत ठेवलेला आमचा एक पानी कागद त्यांच्या हातात होता.

"दादा, आज चतुर्थी ना?"

"हो."

"चार पाऊण तीन," ते म्हणाले, आणि आजोबांपुढे मांडी घालून बसलेल्या दोन पोरांचा सूर पन्नास वर्षांनी ओटीवर उमटला. नऊच्या आत आम्ही दोघे किल्ल्यात गणपतीपुढे उभे होतो. परतताना वाळू अजून ओली होती आणि वाट मोकळी होती. वाटेत बंधू म्हणाले, आणखी दोन वर्षे पाहू.

दोन वर्षे म्हणजे कायमचे नव्हे, हे आम्हांस कळते. आतबट्ट्याचा व्यवहार ममतेवर किती काळ चालणार? परंतु नव्या पोफळींपैकी काहींनी तोवर फूल धरलेले असेल, आणि दोन खोल्याही रिकाम्या नसतील, अशी आशा आहे. चौलचे बंदर शतकानुशतके परक्यांच्या येण्यावरच नांदले. त्यांपैकी कोण अतिथी आणि कोण गिऱ्हाईक, हे त्या काळी कोणी व्युत्पत्तीवरून ठरविले नसावे.

असो. वाचकांपैकी कोणास इकडे येण्याची इच्छा झालीच, तर मुंबईहून मांडव्यापर्यंत बोट आहे, आणि २०२० पासून मोटारगाड्या नेणारी मोठी बोटही सुरू झाली आहे. मातोश्री गाव व घराणे विचारतील, त्याची तयारी ठेवावी. तारीख चिरंजीवांस कळवावी. तिथी मात्र आपण स्वतः पाहून यावे.