आकडा सांगायचा नाही

दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना धरून राहायचं, ही कल्पना आपल्याकडे आता नवी नाही. १९८६ साली पुण्यात मुक्तांगण सुरू झालं आणि अनिता व अनिल अवचटांमुळे ती पुष्कळांच्या घरात पोचली. पण जेवणापायी आजारी पडलेल्यांचेही असे गट असतात, हे मला कळलं ते माझ्या भाचीच्या मुलीमुळे. (तिला विचारूनच लिहिते आहे. नाव मात्र लिहायचं नाही असं आमचं ठरलंय.)

तिला अ‍ॅनोरेक्सिया. भूक लागते, पण खायचीच धास्ती. आपल्याकडे तर हे लपवायला उपासांची आयती सोय! आज संकष्टी, उद्या गुरुवार. कित्येक महिने कुणाला संशयसुद्धा आला नाही. कळल्यावर कोणी म्हणालं फॅशन, कोणी म्हणालं हट्ट. एका काकूंनी दृष्ट काढायला सांगितली. असो.

हट्ट म्हणणाऱ्यांना मी एक गोष्ट सांगते. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या राजीखुशीने, सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ती चांगली शहाणी मुलं पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागली, घास पुरवून पुरवून खाऊ लागली, चिडचिडी आणि एकलकोंडी झाली. उपासमारच डोक्याचा ताबा घेते. मग एकट्या पोरीला "मनावर घे" म्हणून काय होणार?

त्या एकलकोंडेपणावरच हे गट निघाले. इलिनॉयमधल्या व्हिव्हियन मीहान या नर्सबाईंची मुलगी अशीच आजारी पडली. स्वतः नर्स असूनही त्यांना कुठे काही माहिती मिळेना. त्यांनी गावच्या वर्तमानपत्रात छोटीशी जाहिरात दिली, आणखी कोणाच्या घरी हे आहे का म्हणून. उत्तरं आली, आणि १९७६ मध्ये 'अ‍ॅनॅड' ही संस्था उभी राहिली. त्याआधी १९६० मध्ये लॉस एंजेलिसला 'ओव्हरईटर्स अ‍ॅनॉनिमस' निघालं होतं, ते दारू सोडणाऱ्यांच्या बारा पायऱ्यांवरच बेतलेलं.

पण दारूची बाटली घराबाहेर काढता येते, पोळीभाजी कशी काढणार? ज्याची भीती त्याच्यासमोर दिवसातून तीनदा बसायचं. शिवाय आणखी एक पंचाईत, जी मला कधी सुचलीच नसती. "माझं वजन इतक्यावर आलं होतं" असं एकीने म्हटलं की दुसरी मनात आकडेमोड करते, म्हणजे मी अजून पुरेशी आजारी नाहीच तर! सावरायला जमलेल्या मुली अशा नकळत एकमेकींशी शर्यत लावू शकतात. म्हणून तिच्या गटाचा पहिला नियम, आकडा सांगायचा नाही. वजनाचा नाही, कॅलरीचा नाही, कपड्यांच्या मापाचा नाही.

गट चालवणारी बाई स्वतः यातून बाहेर आलेली आहे. तिथलं बोलणं तिथेच ठेवायचं असतं, त्यामुळे मला फार काही कळत नाही, आणि मी विचारतही नाही. एकदा आपणहून म्हणाली, "आत्याआजी, तिथे मला कोणी 'का' विचारत नाही. आज दुपारचं जेवण कसं गेलं, एवढंच विचारतात." डॉक्टर, आहारतज्ज्ञ, रक्ताच्या तपासण्या हे सगळं चालूच आहे. पोटॅशियम घसरलं तर थेट हृदयाला धोका, तिथे गप्पांचा उपयोग नाही. पण डॉक्टर भेटतात महिन्यातून एकदा, आणि जेवण रोज असतं.

आता आपल्या घरातलं. मे महिन्यात लग्न आहे, ती येणार आहे. "किती वाळलीस!" नको. "आता छान भरलीस" तर मुळीच नको. आपण कौतुक करतो, तिच्या कानात ते "जाड झालीस" असं उतरतं. आग्रहाने जिलबी वाढू नका, तिच्या ताटाकडे बघत बसू नका. ती नुकतीच गाडी चालवायला शिकली आहे, पुण्याच्या रहदारीत! त्याबद्दल विचारा, तास कसा जाईल कळणार नाही.

पंगतीत तिच्या शेजारची जागा माझी. आधीच सांगून ठेवते.